कुरण एक, मालक तीन : वुस्टरशरमधल्या एका रॅलीचं आणि फेटचं प्रकरण

इंग्लंडमध्ये जुलैतल्या एखाद्या शनिवारी कुठल्याही गावात शिरा, चर्चमागच्या हिरवळीवर नाहीतर शाळेच्या मैदानात समर फेट, म्हणजे उन्हाळी गावजत्रा, चाललेली सापडेल. तिकोनी पताका, चहा-केकचं टेबल, टॉम्बोला नावाची चिठ्ठ्यांची सोडत, चेंडू मारून नारळ पाडायचा खेळ, कुत्र्यांची स्पर्धा. कॅरॅव्हॅन (मोटारीमागे ओढायचं चाकांवरचं घर) क्लबांच्या वीकेंड रॅली, म्हणजे मुक्कामी मेळावे, मात्र सहसा नजरेला पडत नाहीत, कारण त्या एखाद्या शेतकऱ्याच्या कुरणात, झुडपांच्या कुंपणाआड भरतात. या प्रकरणात दोन्ही गोष्टी एकाच शेतावर, एकाच शनिवारी ठेवल्या होत्या. सेव्हर्न नदीच्या खोऱ्यातलं एक छोटं गाव, आमच्या क्लबच्या स्थानिक शाखेच्या चाळीसेक गाड्या, आणि गावच्या समितीची फेट. मिळकत मिडलँड्स एअर ॲम्ब्युलन्सला द्यायची होती. 1991 पासून वुस्टरशरसह सहा काउंटींमध्ये हेलिकॉप्टरने डॉक्टर आणि पॅरामेडिक पोचवणारी ही संस्था रोजच्या खर्चासाठी लोकांच्या देणग्यांवर चालते, त्यामुळे तिथल्या फेट, रॅफल (तिकिटांची सोडत) आणि चहापानांचे डबे बऱ्याचदा तिच्याच नावाने फिरतात.

मी त्या शाखेचा सभासद. टॉम्बोलाच्या टेबलामागे उभं राहण्यापलीकडे माझ्याकडे कुठलंही पद नव्हतं, म्हणून की काय, तिन्ही बाजूंची माणसं माझ्यापाशी मन मोकळं करून गेली.

घडलं ते थोडक्यात असं. शुक्रवारी दिवसभर पाऊस लागला, फेटची जागा आयत्या वेळी बदलावी लागली, बिअरचा बार लागलाच नाही, रविवारी निम्म्या गाड्या ट्रॅक्टरने ओढून बाहेर काढाव्या लागल्या. गावात आणि क्लबात आजही या सगळ्याचं खापर पावसावर फोडलं जातं. मला ते पटत नाही. पावसाचा अंदाज बुधवारपासून प्रत्येकाच्या फोनवर होता, आणि जुलैतला पाऊस ही तिथे काही नवलाई नव्हे. जुलै 2007 मध्ये याच खोऱ्यात पाण्याने गावंच्या गावं वेढली होती, ते पाहिलेली माणसं समितीत होती. घोळ झाला तो दुसऱ्याच गोष्टीने: फेट हलवायची, रद्द करायची की तशीच रेटायची हे सांगायचं कोणी, आणि किती वाजेपर्यंत, हे कोणी ठरवलेलंच नव्हतं.

कोणाचा काय हक्क

रॅली आणि फेट शेजारी शेजारी भरल्या तरी त्या दोन वेगळ्या कायद्यांच्या पोटी जन्मतात, हे बहुतेक सभासदांना ठाऊक नसतं.

इंग्लंडात शेतात कॅरॅव्हॅन उभ्या करू द्यायच्या तर जमीनमालकाला एरवी साइट लायसन्स लागतं. 1960 च्या कॅरॅव्हॅन साइट्स कायद्याने त्यातून काही सवलती ठेवल्या. त्यातली एक आमच्यासारख्यांच्या कामाची. ज्या संस्थेकडे लायसन्समधून सूट मिळाल्याचं प्रमाणपत्र आहे (इंग्लंडात ते नॅचरल इंग्लंड ही निसर्गरक्षणाची सरकारी संस्था देते), तिने आपल्या सभासदांसाठी मेळावा भरवला आणि तो पाच दिवसांच्या आत आटोपला, तर शेतकऱ्याला लायसन्स लागत नाही. 1901 साली सायकलवरून तंबू नेणाऱ्या हौशी मंडळींनी काढलेली संघटना काय किंवा 1907 चा कॅरॅव्हॅन क्लब काय, त्या कायद्याच्या आधीपासून लोक शेतकऱ्यांशी तोंडी बोलून हेच करत आले होते. कायद्याने त्याला चौकट दिली, आणि बदल्यात शिस्त मागितली. दोन गाड्यांमध्ये सहा मीटर अंतर, पाण्याची आणि मैल्याची नीट विल्हेवाट, शेतकऱ्याची संमती, आणि मुक्काम फक्त सभासदांचा. सहा मीटर हे आगीसाठी. प्रत्येक गाडीच्या नाकाडात गॅसची टाकी असते, आणि ॲल्युमिनियम, फोम, प्लायवूडची ती भिंत पेटली तर मिनिटांत जाते.

ही शिस्त राखण्याचं काम रॅली मार्शलचं. आमचे मार्शल निवृत्त रेल्वे इंजिनिअर, बायकोसह गुरुवारी सकाळीच येऊन त्यांनी मोजपट्टी आणि रंगीत खुंट्यांनी वरचं कुरण आखून ठेवलं होतं. गाड्या सगळ्या कडेने, कुंपणाला पाठ करून. मधला मोठा चौक मोकळा, पोरांच्या क्रिकेटला आणि संध्याकाळच्या बैठकीला. रॅलीत अशीच मांडणी करायची रीत आहे.

फेट सार्वजनिक. तिला येणारा माणूस सभासद नसतो, तो रात्री राहत नाही, पण तो रॅफलचं तिकीट घेतो, केक खातो आणि जमलं तर बिअर पितो. यातल्या प्रत्येकाचा स्वतंत्र नियम. रॅफल सोपी: 2005 च्या जुगार कायद्यात अशा कार्यक्रमातल्या सोडतीला परवाना लागत नाही, फक्त विकत आणलेल्या बक्षिसांवर मिळकतीतले 500 पौंडांच्या वर आणि इतर खर्चावर 100 पौंडांच्या वर घालता येत नाहीत. दान आलेल्या बक्षिसांना मर्यादा नाही, म्हणूनच प्रत्येक रॅफलच्या टेबलावर कोणीतरी कोणाला तरी दिलेला तोच तो बाथ सॉल्टचा डबा असतो. बिअरचं प्रकरण जड. त्यासाठी 2003 च्या लायसन्सिंग कायद्याप्रमाणे समितीच्या सेक्रेटरीबाईंनी कौन्सिलकडे तात्पुरत्या कार्यक्रमाची नोटीस दिली होती. फी 21 पौंड, एका वेळी जास्तीत जास्त 499 माणसं, आणि कामाचे दहा पूर्ण दिवस आधी. त्या नोटिशीत जागेचं वर्णन द्यावं लागतं. बाईंनी ते चोख दिलं होतं: खालचं कुरण.

तिसरा हक्कदार शेतकरी. जमीन त्याची. खालच्या कुरणातलं गवत जूनमध्ये कापून झालं होतं, दुसरी कापणी ऑगस्टअखेर व्हायची होती. त्याच्या दृष्टीने रॅली हा मधला एक आठवडा होता.

तर मार्शलांकडे मुक्कामाचा अधिकार, बाईंकडे फेटचा, शेतकऱ्याकडे मातीचा. तिघं एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारे, एकमेकांशी कमालीचे सौजन्याने वागणारे. माझ्या मते अर्धा घोटाळा त्या सौजन्याने केला.

शुक्रवार

पाऊस पहाटे लागला. वुस्टरशरमधल्या बऱ्याच भागात खाली तांबडा मडस्टोन आहे. त्याची माती सुकली की विटेसारखी आणि भिजली की साबणासारखी. वरचं कुरण उताराला, त्यातून पाणी निघून जात होतं. खालचं ओढ्याच्या काठाशी. दुपारी बारापर्यंत तिथे चालताना बुटाभोवती पाणी दिसायला लागलं होतं.

आपल्याकडे असा पाऊस बघून कोणी कपाळाला हात लावत नाही. पण इथे प्रश्न पडणाऱ्या पाण्याचा नव्हताच, गाड्यांचा होता. फेटला येणाऱ्यांच्या शे-दीडशे मोटारी खालच्याच कुरणात लावायच्या होत्या.

तरीही दुपारी दोन वाजता तिथे मोठा तंबू उभा राहिला. समितीच्या स्वयंसेवकांना तंबू उभारायला दोनची वेळ दिलेली, मग ते दोनला आले. तीनच्या सुमारास पबमालकाने बिअरची दोन पिंपं आणून घोडीवर चढवली. ही जिवंत बिअर. तिच्यातलं यीस्ट तळाला बसायला पिंप दिवसभर हलवायचं नसतं, हलवलं की पेल्यात गढूळ उतरते. प्रत्येकी नऊ गॅलन, म्हणजे 72 पाइंट. पिंपं बसली आणि त्यांच्याबरोबर सगळ्यांच्या मनात फेटही खालच्या कुरणातच बसली. जो तो दुसऱ्याने काही म्हटलेलं नाही म्हणजे ठरल्याप्रमाणेच आहे, असं धरून आपलं काम करत राहिला.

या साऱ्या गोतावळ्यात एकाच माणसाने वेळेवर निर्णय घेतला. बाउन्सी कॅसलवाला. साडेचारला त्याचा फोन आला: शनिवारी दुपारी वाऱ्याचे झोत ताशी 24 मैलांच्या वर जायचा अंदाज आहे, ओल्या जमिनीत खुंटे धरणार नाहीत, मी येत नाही. या फुगवायच्या किल्ल्यांना ब्रिटनमध्ये 24 मैलांची मर्यादा आहे आणि किमान सहा ठिकाणी जमिनीला बांधावं लागतं. 2016 साली एसेक्समधल्या हार्लोला असा किल्ला वाऱ्याने उडाला आणि एका लहान मुलीचा जीव गेला. त्यानंतर या धंद्यातली माणसं आकड्याशी खेळत नाहीत. सेक्रेटरीबाई थोड्या हिरमुसल्या, पण वाद घालायला जागाच नव्हती. त्याच्याकडे आकडा होता. बाकी कोणाकडे नव्हता.

संध्याकाळी सात वाजता मार्शलांच्या ऑनिंगमध्ये, म्हणजे गाडीला जोडून उभारायच्या कापडी मांडवात, बैठक बसली. ऑनिंगवर पाऊस इतका वाजत होता की प्रत्येकाला दोनदा बोलावं लागत होतं. मी चहा वाटायच्या निमित्ताने तिथेच घोटाळत होतो. पुढे आलेले पर्याय तीन, आणि तिन्हींच्या पायात काटा.

पहिला, फेट खालीच करायची. मोटारी रुतणार, हे उघड. कोणीतरी ॲल्युमिनियमच्या ट्रॅकच्या फळ्या भाड्याने मागवू म्हटलं. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता, कुठून?

दुसरा, गावच्या सभागृहात न्यायची. सभागृहाला स्वतःचं लायसन्स आहे, बार तिथे चालला असता. पण नारळाचा खेळ, कुत्र्यांची स्पर्धा आणि रस्सीखेच सभागृहात होत नाहीत, आणि त्या हॉलला संध्याकाळी चारपासून एका लग्नाची पार्टी होती.

तिसरा, वरच्या कुरणातल्या मोकळ्या चौकात. जागा होती, जमीन बरी होती, पताका बांधायला गाड्यांच्या ऑनिंगचे खांब होते. पण नोटीस खालच्या कुरणाची. उशिरा द्यायच्या नोटिशीलाही कामाचे किमान पाच दिवस आधी जावं लागतं, म्हणजे वर बिअर विकणं हा सरळ गुन्हा. यावर एका सभासदाने आडवाट सुचवली: बिअर फुकट द्यायची आणि शेजारी देणगीचा डबा ठेवायचा. एक निवृत्त पोलीस बसले होते, ते मान वर न करता म्हणाले, ‘त्यालाच विक्री म्हणतात.’ विषय संपला.

मग विम्याचं निघालं. रॅलीला क्लबचा विमा. तो सभासदांच्या मेळाव्याचा. फेटला समितीने एका दिवसाचा वेगळा विमा काढलेला. फेट आमच्या चौकात आली आणि गावातली एखादी आजी आमच्या कोणाच्या ऑनिंगच्या दोरीला अडखळून पडली तर कोणता विमा? बाईंनी विमा कंपनीला फोन लावला. कार्यालय साडेपाचला बंद झालेलं. हाच फोन दुपारी दोनला गेला असता तर उत्तर तंबू उभारायच्या आत मिळालं असतं.

आणि इथे ते सौजन्य सुरू झालं. मार्शल म्हणाले, फेट समितीची आहे, समिती म्हणेल तसं. बाई म्हणाल्या, चौक तुमच्या क्लबचा, तुमची अडचण होणार असेल तर आम्ही आग्रह कसा धरणार. दोघांनी शेतकऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, जमीन काय, जमीन जमिनीच्या जागी आहे. हे पाऊण तास चाललं. ‘पहिले आप’ची ही इंग्रजी आवृत्ती बघायला गोड असते, पण बाहेर पाणी वाढत असतं.

निर्णय शेवटी त्या ऑनिंगमध्ये झालाच नाही. आठच्या पुढे शेतकरी उठला, त्याचा पिकअप घेऊन खालच्या कुरणात एक फेरी मारून आला. मी फाटकापाशी होतो. चाकं फिरली तिथे दोन काळसर चर पडले होते, जेमतेम चार बोटं खोल, आणि बघता बघता पाण्याने भरले. तो खाली उतरला, एका चरात बुटाची टाच दाबली, वर ओढली, खळ्ळकन आवाज आला. मग काही न बोलता त्याने फाटक लावलं, साखळी घातली, कुलूप घातलं आणि घरी गेला. ऑगस्टची कापणी त्या चरांवर अवलंबून होती. त्याच्या डोक्यात फेट नव्हतीच.

त्या कुलपाने सगळ्यांची सुटका केली. रात्री नऊपासून तासभर पावसात समितीची आणि क्लबची मिळून वीस-पंचवीस माणसं तंबू सोडत होती.

शनिवार

सकाळी नऊला विमा कंपनीचं उत्तर आलं: तेच शेत, तोच पिनकोड, कार्यक्रम तोच, हरकत नाही. बाईंनी ते ईमेलवर लेखी मागून घेतलं. पबमालक दहाला आला आणि न फोडलेली पिंपं परत घेऊन गेला. पिंप एकदा फोडलं की बिअर तीनेक दिवसच चांगली राहते, न फोडलेलं पुन्हा तळघरात ठेवून बसू देता येतं. ती आठवड्याभरात पबमध्येच संपली म्हणे.

मोटारींचा प्रश्न शेतकऱ्याच्या बायकोने सोडवला. गोठ्यासमोरचं काँक्रीटचं अंगण आणि साठवणीच्या शेडपुढची खडीची जागा तिने मोकळी करून दिली, तीसेक गाड्या मावल्या. बाकीच्यांनी गावातून चालत यावं म्हणून फाटकावर फळा लावला. पाऊण मैल. इंग्लंडातल्या माणसाला पाऊण मैल चालायला लावायला रबरी बूट आणि एखादा कुत्रा पुरतो, दोन्ही मुबलक होते.

आता वड्यांबद्दल. माझ्या बायकोने बटाटेवडे करायचं कबूल केलं होतं, आधीच्या वर्षीचे तासाभरात संपले होते म्हणून. ऑनिंगमध्ये तळण करायला मार्शलांची सक्त मनाई, आणि ती रास्त: उकळतं तेल, गॅसची शेगडी आणि भोवती पॉलिस्टरचं कापड. तेव्हा लग्नवाल्यांच्या आधी, सकाळी, सभागृहाच्या स्वयंपाकघरात तळून थर्मासच्या पेटीतून वर आणायचे ठरले. फेटसारख्या एखाद्या दिवसाच्या, हौसेच्या पदार्थांना दुकानासारखी नोंदणी लागत नाही, पण समितीचा आग्रह होता की चौदा ॲलर्जनांपैकी (ॲलर्जी आणणाऱ्या घटकांपैकी) काय आहे ते टेबलावर लिहायचंच. चौदांच्या त्या यादीत मोहरी आहे. मराठी स्वयंपाकात मोहरी नसलेलं तिखटमिठाचं काय असतं?

‘अरे, मोहरी, तीळ, शेंगदाणे लिहिलेस ना?’ ती पीठ भिजवता भिजवता म्हणाली.

‘लिहिले. पावाला गहू लिहिला. वडा नुसता घेतला तर बेसनच आहे, तिथे गहू नाही लिहिला.’

‘अंहं. तिथेही लिही. हिंगाची डबी बघ.’

डबीच्या मागे बारीक अक्षरात होतं: गव्हाचं पीठ. बाजारातला बांधणी हिंग बहुतेक वेळा पीठ मिसळूनच येतो. गंमत म्हणजे दुपारी पहिल्याच पंधरा मिनिटांत एक मध्यमवयीन बाई आल्या, गहू अजिबात न चालणाऱ्या. चण्याचं पीठ आहे हे ऐकून खूश होऊन हात पुढे केला, पाटी वाचली, आणि मागे घेतला. वड्याकडे त्यांनी टाकलेली ती नजर बघून मला वाईट वाटलं, पण हात मागे गेला हे बरं झालं. वर्षानुवर्षं फेटमध्ये केक करणाऱ्या गावातल्या आज्यांना या पाट्या म्हणजे कटकट वाटते. त्यांच्या बाजूनेही म्हणण्यासारखं आहे, पण हिंगाच्या डबीनंतर मी त्यांच्या बाजूने बोलणं सोडलं.

टॉम्बोलाचं सांगण्यासारखं फार नाही. शून्य आणि पाचवर संपणारे आकडे जिंकतात, शाम्पूच्या बाटल्या जातात, आणि पुढल्या वर्षी त्यातल्याच काही परत येतात. कुत्र्यांच्या स्पर्धेत सर्वांत जोरात शेपूट हलवणाऱ्याचं बक्षीस तीन पायांच्या एका कुत्रीला मिळालं आणि त्यावर कोणीही तक्रार केली नाही.

खरी गंमत पैशांत झाली. खाली असताना बेत असा होता की गाडीमागे तिकीट लावायचं, प्रत्येकी दोन पौंड. वर येताना लोक तीन वाटांनी येणार, तिकीट घेणार कोण आणि कुठे? शिवाय चौकात मोबाइलचं नेटवर्क धरत नसल्याने कार्डाचं यंत्र अडलेलं. मग एअर ॲम्ब्युलन्सच्या स्वयंसेविकेने सुचवलं की प्रवेश मोफत ठेवू आणि वाटांवर आमच्या सीलबंद बादल्या ठेवू, ज्याला जे वाटेल ते. हे पडेल ते म्हणून केलं, पण हिशोबात त्याचा अर्थ फार निराळा होतो. प्रवेशशुल्क, रॅफलचं तिकीट, केकची किंमत यांवर संस्थेला सरकारकडून करसवलतीचा परतावा मागता येत नाही, कारण तुम्ही त्या बदल्यात काहीतरी घेतलेलं असतं. स्वखुशीने दिलेल्या देणगीवर मागता येतो: करदात्याने नाव-पत्त्याचं पाकीट भरून 10 पौंड टाकले तर संस्थेला 12.50 मिळतात. आणि बादलीत पडलेल्या, नाव नसलेल्या 30 पौंडांपर्यंतच्या सुट्या देणग्यांसाठीही वेगळी छोटी योजना आहे, ठरावीक मर्यादेपर्यंत त्यांवरही तेवढाच परतावा. बादलीत नाण्यांपेक्षा नोटा जास्त निघाल्या. दोन पौंड मागितले असते तर लोकांनी दोनच दिले असते, असं ती स्वयंसेविका म्हणाली. मला वाटतं चिखलातून चालत आलेल्या माणसाला सुटे पैसे शोधायचा कंटाळाही असावा.

एकूण गल्ला आधीच्या वर्षीपेक्षा कमीच भरला. बार आणि बाउन्सी कॅसल हे दोन मोठे कमावते हात गेले होते. पण चहाच्या टेबलाने त्यातलं बरंच भरून काढलं, आणि परतावा धरला तर तूट समितीला वाटली होती तितकी राहिली नाही.

एक प्रसंग मात्र अवघड झाला. चारच्या सुमारास एक तरुण जोडपं आपली छोटी कॅम्परव्हॅन घेऊन मार्शलांकडे आलं. फेट आवडली, सोबत आवडली, आजची रात्र इथेच कोपऱ्यात काढू का? शंभर पौंड बादलीत टाकायची त्यांची तयारी होती. मार्शलांनी नाही म्हटलं. भोवतीच्या काही सभासदांना ते फार ताठरपणाचं वाटलं, धर्मादाय कामासाठी एक रात्र काय जाते. मला मार्शलांचं बरोबर वाटतं. ज्या सवलतीवर ती रॅली उभी होती ती सभासदांच्या मुक्कामापुरतीच आहे. पैसे घेऊन बाहेरच्याला मुक्काम दिला की त्याच क्षणी ते शेत विनालायसन्स साइट होतं, आणि त्याचा जाब क्लबला नाही, शेतकऱ्याला द्यावा लागतो. जोडपं जवळच्या साइटवर गेलं. जाता जाता वीसची नोट टाकून गेलं.

रविवार

सकाळी कॉफी, मार्शलांचे आभार, रॅलीची आठवण म्हणून छोटी पाटी, हे सगळं रीतीप्रमाणे. मग निघायची वेळ झाली. कॅरॅव्हॅन ओढणाऱ्या फोर-व्हील गाड्या निमूट निघाल्या. अडकल्या त्या मोटरहोम, म्हणजे आतच घर असलेल्या मोठ्या गाड्या. साडेतीन टन वजन, इंजिनाचं बळ पुढच्या चाकांना आणि भार मागे. पुढची चाकं जागच्या जागी गरगरत चिखल उडवत राहतात. ट्रॅक्टरने एकेक ओढायला दुपार झाली. ओढणाऱ्यांना थांबवून थांबवून शेतकरी फाटकाबाहेरचा रस्ता फावड्याने साफ करत होता, कारण सार्वजनिक रस्त्यावर चिखल सोडणं हा त्याच्या माथी येणारा गुन्हा. मधला चौक तुडवून काळा झाला होता. पण तो वरचा, चराईचा. मेंढ्यांना त्याचं काही वाटत नाही, असं तो म्हणाला.

पुढे काय बदललं

हिवाळ्यात तिघं गावच्या पबमध्ये बसले आणि एक पानाचा कागद केला. त्यात भाषणबाजी नाही. जमिनीबद्दल शेवटचा शब्द शेतकऱ्याचा, आणि तो गुरुवारी दुपारी बाराच्या आत द्यायचा; कसोटी त्याच्या पिकअपच्या एका फेरीची, चर राहिला तर नाही. त्यानंतर तंबू, पिंपं, विमा, फाटकावरचे फळे, सगळं त्या उत्तराप्रमाणे हलणार. वाऱ्याबद्दल बाउन्सी कॅसलवाल्याचा आकडाच सगळ्या तंबूंना लावायचा, असं मार्शलांनी घालून घेतलं. मुक्कामाबद्दल कोणीही मार्शलांकडे शब्द टाकायचा नाही, हे बाईंनी. प्रवेशशुल्क कायमचं गेलं, बादल्या राहिल्या.

अडलंय ते फक्त बारच्या नोटिशीवर. नोटिशीत दोन्ही कुरणं लिहिता येतात, फी तीच, 21 पौंड, हे बाईंना कौन्सिलमधून कळलं आणि त्यांनी आनंदाने अख्ख्या शेताचा नकाशा जोडला. मार्शलांनी तो बघताच हात वर केले. नोटिशीतल्या जागेत एका वेळी असणारं प्रत्येक डोकं 499 मध्ये मोजलं जातं. अख्खं वरचं कुरण त्यात घेतलं तर आपापल्या ऑनिंगमध्ये दुपारी पेपर वाचत बसलेले आमचे ऐंशीएक सभासदही गर्दीत धरले जाणार, आणि चांगलं ऊन पडलेल्या वर्षी गावातून येणाऱ्यांपैकी तेवढेच फाटकावर अडवावे लागणार. मग गाड्यांचा पट्टा वगळून फक्त मधला चौक लाल पेन्सिलीने आखला. पण चौकाकडे तोंड करून, ऑनिंगच्या उंबरठ्याबाहेर खुर्ची टाकून बसलेला सभासद आत धरायचा की बाहेर, यावर बाईंचं आणि मार्शलांचं अजून एकमत झालेलं नाही. शेतकऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, खुर्ची माझ्याच गवतावर आहे.